लाडकीचं पांढरं तसराळं

लाडके, काल तुझी सून तुझं तसराळं माझ्या ओट्यावर उपडं घालून गेली. हाक नाही, राम राम नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी आतून बघत होते. ती वळली तशी मी ओरडले, "अगं सखू, हे कुणाला?" तर मागं न बघताच म्हणाली, "म्हातारीनं सांगलंय. बोलणं काय ते तुमचं तुम्ही करा."

आता बोलणं कुणाशी करू? तुला जाऊन आज दहा दिवस झाले. तू असतीस तर मी तडक साखरशेतला येऊन तुझ्या अंगणात उभं राहून भांडले असते, आणि तू नागली पाखडता पाखडता "बोल बोल, तुझा तोंड हाय" म्हणाली असतीस. तू नाहीस म्हणून मी गप्प बसेन असं वाटलं असेल तर चुकलीस. कागदावर भांडते. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे. मलाही कुणी शिकवलेलं नाही. दवाखान्यातला कंपाउंडर बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायचा, त्या लावून लावून मी अक्षर शिकले, तेव्हा वेलांट्या विचारू नकोस. तुला तोंडावर सांगितलं होतं की हे तसराळं मी घेणार नाही. मरून ते माझ्या दारात पोचवलंस. ही कुठली रीत?

आज बाजार होता. आज काय झालं ते शेवटी सांगेन. आधी जुनं उरकू दे.

आपली पहिली भेट जामसरच्या पाड्यावरची. मी जव्हार संस्थानच्या दवाखान्यात दायी म्हणून नवी लागले होते. बाळंतपणं करायची, आणि हिवतापाच्या दिवसांत कोयनेलचा डबा घेऊन पाड्यापाड्यांवर फिरायचं. एका घरात गेले तर तीन-चार वर्षांचं पोर जमिनीवर आडवं, हातपाय काड्यांसारखे, पोट डाव्या अंगाला टणक फुगलेलं. बापानं विळ्याचं टोक चुलीत लाल करून ठेवलेलं. पोटावर डाग द्यायचा म्हणून. आई पोराचे पाय धरून बसलेली, रडत नव्हती, आणि तेच मला बघवेना. मी दारातच उभी राहिले. नवी होते. तेवढ्यात तू आलीस. तुला डाग द्यायला जाणती म्हणून साखरशेतहून बोलावलेलं. आलीस, पदर हाताला गुंडाळलास, विळा उचललास आणि सरळ पाण्याच्या घड्यात बुडवलास. काय फुत्कारला तो घडा! बाप ओरडला, "काय करतीस म्हातारे?" तू तेव्हा म्हातारी नव्हतीस, पण तुला सगळे तेव्हापासूनच म्हातारी म्हणत.

तू म्हणालीस, "डाग देऊन पानथरी जाती तर बैलांना कधी ताप नसता आला. त्यांचा अंग तर सगळा डागांनी भरलेला हाय."

"मंग काय करू?"

"ही बाय आली हाय ना डबा घेऊन. हिचा कडू पाणी पाज."

त्या दिवशी आपण दोघी एका बाजूला होतो. पुढं तसा योग फारसा आला नाही.

आणि त्याच दिवशी तू मला हात शिकवलास. मी पोराचं पोट दाबून बघत होते, तर फटकन माझ्या मनगटावर मारलंस. "टोचतीस काय? पोट हाय, पीठ नाय." माझा हात धरून आडवा ठेवलास, बोटांचा काठ बरगडीकडे करून. "दाबू नको. थांब. पोराला श्वास घेऊ दे. ती आपली आपण तुझ्या बोटाला येऊन लागंल." आणि खरंच पोरानं श्वास ओढला आणि आतून काहीतरी गुळगुळीत येऊन माझ्या बोटांना टेकलं, मांजर पायाला घासून जावं तसं. ती पानथरी, डॉक्टरसाहेबांची प्लीहा. मग उजव्या बाजूला नेलास. इकडे काळीज. डॉक्टरसाहेब यकृत म्हणतात. ते बरगडीच्या आत असावं, बाहेर डोकावू नये. डोकावलं तर कडा कशी आहे बघायची: मऊ आणि दुखरी असेल तर उतरेल, दगडासारखी असेल तर त्याच्या घरच्यांना बोलवायचं.

हे सगळं एका पोराच्या पोटावर, उकिडव्या बसून. मला वाटतं एवढं शिकायला लोक मुंबईला जातात.

आता एक ऐक. हे तुला कधी सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी डॉक्टरसाहेबांनी मला एका बाईच्या पोटावर तसा हात ठेवताना पाहिलं. चष्मा वर करून म्हणाले, "सरूबाई, हे कुठं शिकलात?" आणि मी, अगदी पटकन, म्हणाले, "साहेब, तुमच्या पुस्तकांची धूळ झाडताना चित्रं पाहिली." साहेब केवढे खूश झाले! बायका त्यांना पोटाला हात लावू देत नसत, म्हणून त्या दिवसापासून बायकांची पोटं मी बघायची आणि पडद्याबाहेर उभ्या साहेबांना सांगायचं असं ठरलं. जव्हारात माझा जो मान झाला तो त्या हातावर झाला. तुझ्या हातावर. आणि मी तुझं नाव काढलं नाही. त्यांच्या तोंडी तुझं नाव "ती झाडाखालची भोंदू बाई" असं होतं, आणि मी त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर बघायची.

तर ते तसराळं. ते दवाखान्याचंच. पांढऱ्या रोगणाचं, एका काठाला टवका उडाला म्हणून मोडीत काढलेलं. तूही बाळंतपणं करायचीस, म्हणून मी ते धुऊनपुसून तुला आणून दिलं आणि सांगितलं, "बाळंतिणीला शिवायच्या आधी यात हात धूत जा." तू म्हणालीस, "धुवीन."

आणि धुतलेस की! काविळीवाल्यांचे धुतलेस!

मला कळलं तेव्हा माझा कसला संताप झाला. जव्हारच्या बाजाराच्या टोकाला, दवाखान्यातून दिसेल अशा चिंचेखाली तू बसलेली. पुढ्यात माझं तसराळं, त्यात चुन्याची निवळी. पिवळ्या डोळ्यांचा माणूस समोर बसवायचा, आंब्याची साल कुटून त्याच्या हातांना चोळायची आणि त्या पाण्यात हात धुवायला लावायचे. पाणी पिवळं धमक व्हायचं. मागचे लोक "उतरली, उतरली" करायचे. पांढऱ्या रोगणावर तो रंग काय उठून दिसायचा! म्हणून तर तुला ते तसराळं एवढं आवडलं.

मी गर्दीत घुसले. आठवतं ना? मी ते पाणी ओतून दिलं, नवीन निवळी घातली, साल माझ्या हातांना चोळली आणि धुतले. पाणी तसंच पिवळं. मी ओरडले, "बघा! मला कावीळ आहे का? बघा माझे डोळे!"

तू माझी हनुवटी धरून डोळे बघितलेस, शांतपणे, आणि म्हणालीस, "डोळ्यांत नाय. जिभेत भरली हाय हिच्या."

अख्खा बाजार हसला. मी रागानं लाल. तुझ्या त्या एका वाक्यानं मला वर्षभर मंडईत भाजी घेणं मुश्किल केलं, माहीत आहे? भाजीवाली मला बघून जीभ बाहेर काढायची.

त्याच दुपारी तू दवाखान्याच्या मागं आलीस. मी पट्ट्या उकळत होते. तू बाहेरूनच म्हणालीस, "सरूबाय, मना ठावं नाय काय, रंग सालीचा हाय तो? साल मीच कुटते."

"मग लोकांना फसवतेस कशाला?"

"तुझा डॉक्टर त्याला सांगतो, दारू सोड, तेल सोड, तिखट सोड, पडून राहा. तो सोडतो काय?"

लोक खरंच सोडत नसत. बाटली घेऊन जायचे आणि वाटेवरच्या पाड्यावर मोहाची प्यायला बसायचे.

"त्याचा पाणी पिवळा झाला ना, की सगळ्या बाजारानं बघितला. बायकोनं बघितला, व्याह्यानं बघितला, दारू गाळणारीनं बघितला. आता त्याला पंधरा दिस कोण प्याला देतो सांग. घरात पडतो. आंबील पितो, पेज पितो. ती कावीळ आपली उतरते. मी नाय उतरवत. तो पडून राहतो म्हणून उतरते."

मी म्हटलं, "खोट्यानं झालेलं बरं मला नको."

"तुना नको. त्याला पायजे काय ते त्याला इचार."

आणि गेलीस. त्या दिवसापासून मी बाजाराच्या दिवशी तुझ्या चिंचेकडं पाठ करून, वरच्या वाटेनं घरी जायला लागले. किती वर्षं! बोलायचो, भांडायचो, तुझ्या घरी येऊन मी उडदाचं पिठलं खायची, पण त्या झाडाखाली मी परत पाऊल ठेवलं नाही. साहेबांचाही हुकूम होता: दवाखान्यातलं माणूस त्या झाडाखाली दिसलं तर त्याला दवाखान्याची पायरी बंद. पण खरं सांगायचं तर मला हुकमाची गरज नव्हती. माझा हट्ट पुरेसा होता.

आता तुझी बाजूही सांगते, नाहीतर म्हणशील, सरू आपलंच दळते. तू प्रत्येकाचे हात धुवायची नाहीस. आधी विचारायचीस. मी ते पहिल्या दिवशी ऐकलंच नव्हतं. "झाड्याचा रंग काय? नागलीच्या पिठासारखा का राखेसारखा? अंगाला खाज हाय काय?" ज्याच्या शौचाचा रंग राखेसारखा पांढरा, आणि जो अंग खाजवून खाजवून रक्त काढतोय, त्याला तू उठवायचीस. "ही माझी कावीळ नाय. समोर दवाखाना हाय, तिकडं जा." साहेब एकदा आश्चर्यानं म्हणाले होते की या लोकांतले सगळ्यात अवघड रोगी बरोबर आपल्याकडंच कसे येतात. मी परत कॅलेंडर बघितलं.

जलोदरवाला तो पहिलवानासारखा माणूस तूच पाठवलास. पोट घागरीएवढं. साहेबांनी पोकळ सुई घालून पाणी काढलं, बादली भरली. तू दारात उभी राहून सगळं बघितलंस, कुणी हाकललं तरी हलली नाहीस. तो माणूस हलका होऊन उठला, हसला, सगळे खूश. तू मला कोपऱ्यात घेऊन विचारलंस, "पाणी काढला. झरा कुठं बंद केला?" मी ते साहेबांना तुझं नाव न घेता सांगितलं. साहेब आधी हसले. महिन्यानं तो माणूस परत तेवढंच पोट घेऊन आला, तेव्हा हसले नाहीत.

आणि तुझी चूकही होती. साखरशेतचाच तो, तुझ्या शेजारचा. नाव लिहीत नाही, त्याची मुलं मोठी झालीत. झाडा राखेसारखा होता, खाज होती, तुला दिसत होतं. पण त्याच्या बायकोनं तुझे पाय धरले, "धू, लाडके, एकदा धू." तू धुतलेस. तो पंधरा दिवस पडून राहिला, सोळाव्या दिवशी दवाखान्यात आणला, आणि आठवड्यानं गेला. मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं, "हा माणूस तुझ्या तसराळ्यात बुडाला." तू एक अख्खा पावसाळा माझ्याशी बोलली नाहीस. आणि त्यानंतर कुणीही पाय धरले तरी तसल्याला तू कधी बसवलं नाहीस.

लाडके, त्या माणसाबद्दल साहेब मला काय म्हणाले होते, ऐक. म्हणाले होते, "पंधरा दिवस आधी आणला असता तरी मी काही करू शकलो नसतो. पित्ताची वाट आतूनच बंद झाली होती." त्याच दिवशी म्हणाले होते. मला ते तुला सांगता आलं असतं. साखरशेत काय लांब आहे? सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर मी भांडण हरले असते. ते ओझं तू एकटी वाहत राहिलीस आणि मी बघत राहिले. जिच्या तोंडी "मी खोटं करणार नाही" एवढंच होतं, ती ही मी.

या अश्विनात तू पदर डोळ्यांवर ओढून घ्यायला लागलीस. नागली कापणीला आली होती, मला वाटलं ऊन लागत असेल. सखू सांगायला आली की म्हातारी जेवत नाही. मी आले. तू अंगणात भिंतीला टेकून पाय खाजवत होतीस, खापराच्या तुकड्यानं. पदर मागं सारला तर डोळे झेंडूसारखे. मी काही विचारायच्या आधीच म्हणालीस, "राखेसारखा. दीड महिना झाला."

"मग यायचं नाही दवाखान्यात? सगळ्यांना पाठवतेस!"

"नागली कोण कापणार? तुझा डॉक्टर?"

मी तुला आत निजवलं. हात आडवा ठेवला, दाबला नाही, तुझ्या श्वासाची वाट बघितली. तू श्वास घेतलास. आणि ते आलं. बरगडीखाली, गोल, गुळगुळीत, लिंबाएवढं, दुखत नव्हतं. तू वर आढ्याकडे बघत होतीस.

"काय लागला?"

मी म्हटलं, "काही नाही गं. काही लागत नाही हाताला."

तू माझा हात तिथंच धरून ठेवलास. मग म्हणालीस, "हाताला खोटा बोलायला मी शिकवला नव्हता, सरू."

सरू. बाय नाही, सरूबाय नाही. सरू.

मी मग भांडायला लागले, मला दुसरं काय येतं. दवाखान्यात चल. डोली करते. साहेबांना इथं घेऊन येते. मुंबईला मोठे डॉक्टर पोट उघडतात, तिथं नेते. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "उघडून झरा बंद करतात?" मला माहीत नव्हतं. साहेबांना विचारलं, तेही म्हणाले, या वयात, या अवस्थेत, नाही. तेव्हा मी तुझ्यासाठी फक्त खाजेचं लोशन आणू शकले, आणि गोळ्या झोपेच्या. बस. वीस-बावीस वर्षांचा दवाखाना, आणि मी तुझ्या पायांना लोशन चोळत होते. त्याचा राग अजून गेलेला नाही, जाऊ देणारही नाही. तो राग मला कामाला पुरेल.

मी एकदा म्हटलंसुद्धा, लाज सोडून म्हटलं, "लाडके, धुवायचे का हात?" तू एवढं खिजवलंस मला! "बघा, दवाखानेवाली काय बोलते!" पण धुतले नाहीस. स्वतःसाठी एकदाही नाही.

शेवटची भेट. तू निम्मी राहिली होतीस. म्हणालीस, "तसराळा तू घे. बाजाराला बस."

मी म्हटलं, "नाही."

"पिवळ्या डोळ्यांची मानसं येतील. झाडाखाली कोण नसंल, तर कुठं जातील? डाग देणाऱ्याकडं जातील."

"दवाखान्यात येतील."

"येतात काय?"

"लाडके, तुझ्यासाठी काहीही करेन. पण मी खोटं करणार नाही."

आणि तू हसलीस. तोंड भिंतीकडे केलंस आणि खांदे हलेपर्यंत हसलीस, खोकला येईपर्यंत. मला इतकं लागलं! मरणाच्या दारात बसलेली बाई माझ्या खरेपणाला हसते? मी उठून निघून आले. चार दिवसांनी तू गेलीस. ते हसू चौदा दिवस माझ्या घशात अडकलं होतं, माशाच्या काट्यासारखं.

आता आजचं.

काल तसराळं आलं. रात्रभर ते ओट्यावर तसंच. सकाळी उचललं आणि दवाखान्यात गेले. साहेब चहा घेत होते. मी म्हटलं, "साहेब, पोटाला हात लावायचं मी तुमच्या पुस्तकातून शिकले नाही. लाडकीनं शिकवलं. जिला तुम्ही भोंदू म्हणत होता ती. तुमच्याकडं अवघड रोगी यायचे ते तिनं निवडून पाठवलेले. झऱ्याची गोष्टही तिचीच."

साहेबांनी कप खाली ठेवला. "हे आज का सांगता?"

"आज मी चिंचेखाली बसणार आहे."

"सरूबाई, हुकूम माहीत आहे तुम्हाला."

"माहीत आहे. मी खोटं सांगणार नाही, रंग सालीचा आहे असं ओरडून सांगणार आहे. पण बसणार आहे. लोक तिथं येतात, इथं येत नाहीत."

"रंग सालीचा म्हणून सांगितलंत तर बसेल कोण तुमच्यासमोर?"

ते खरंच होतं. मी म्हटलं, "बघू," आणि पायरी उतरले. माझ्या पायरीचं काय व्हायचं ते होऊ दे.

किती वर्षांनी त्या झाडाखाली गेले गं. तुझ्या बसण्यानं जमिनीला खळगा पडलाय, मी त्यात बसले तर तो मला मोठा झाला. लोक लांबून बघत. तासभर कुणी नाही. मला वाटलं, हरले. मग खोडाळ्याकडचं एक जोडपं आलं, दोन दिवस चालत आलेलं. तो तिशीचा, डोळे पिवळे, तोंडाला मोहाचा वास. बायकोच त्याला पुढं ढकलत होती.

मी तुझ्यासारखं विचारलं. झाडा? नेहमीसारखा. खाज? नाही. निजवला, हात ठेवला, वाट बघितली. काळीज दोन बोटं खाली, मऊ, दुखरं. ही तुझी कावीळ. मी साल कुटली, त्याच्या हातांना चोळली, माझ्याही हातांना चोळली. एव्हाना गर्दी जमली होती. दोघांनी एकाच पाण्यात हात धुतले. पाणी पिवळं धमक. मी मान वर केली आणि दवाखान्यापर्यंत ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "नीट बघा. याला कावीळ आहे, मला नाही. तरी पाणी दोघांचं पिवळं. हा रंग सालीचा आहे. मी कुणाला फसवायला बसलेली नाही."

मी वाट बघत होते की हा आता उठेल आणि जाईल. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको म्हणाली, "ठावं हाय, बाय."

"काय ठावं हाय?"

"रंग सालीचा तो. लाडकीआय दर खेपेला सांगायची की. पयले आपले हात धुवून दाखवायची, मंग दुसऱ्याचे. माझ्या भावाचे धुतले तवाबी सांगलेला. 'पाणी सालीचा हाय, पन पंधरा दिस माझे हाईत, दारू नाय. मोडतोस काय सगळ्यांदेखत?' असा इचारायची."

माझे हात पाण्यातच राहिले. मी विचारलं, "कधीपासनं?"

मागून ती भाजीवाली बोलली, तीच जीभ काढणारी, आता दात पडलेत तिचे. "कधीपासनं म्हंजे? तू भांडून गेलीस ना सरूबाय, त्याच्या पुढच्या बाजारापासनं. तुना ठावं नाय?"

मला ठावं नाय. मी वरच्या वाटेनं जायची ना.

म्हणजे तू ऐकलं होतंस. आठ दिवसांत ऐकलं होतंस, आणि इतकी वर्षं मला कळू दिलं नाहीस. मी तुझ्या अंगणात येऊन खोटं खोटं म्हणून ओरडायची आणि तू नागली पाखडत "बोल बोल" म्हणायचीस. आणि शेवटी मी तोऱ्यात म्हटलं की मी खोटं करणार नाही, तेव्हा तू भिंतीकडं तोंड फिरवलंस. तेव्हाही सांगितलं नाहीस! बाई, किती गं हट्टी तू.

मी त्या माणसाला विचारलं, "मोडतोस काय सगळ्यांदेखत?" त्यानं बायकोकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, दारूवालीसुद्धा उभी होती तिथं. म्हणाला, "नाय मोडत." पंधरा दिवसांनी तो परत येईल आणि मी त्याचं काळीज बघेन. हे माझं वाढवलेलं. तू धुऊन सोडून द्यायचीस, मी परत बोलावणार आहे. आणि डोळे पिवळे असोत नसोत, ज्याच्या बरगडीखाली गोल काही लागेल त्याला मीच हाताला धरून समोर नेणार, साहेबांनी पायरी बंद केली असली तरी खिडकीतून आत देणार. यावर तुझं काही म्हणणं असेल तर असू दे.

तसराळं आता माझं आहे. सखू मागायला आली तरी देणार नाही. पुढच्या बाजारी मी त्या खळग्यात बसणार, आणि जो बसेल त्याला आधी सांगणार की हे कुणी शिकवलं, नाव घेऊन, साखरशेतची लाडकी म्हणून, दवाखान्याकडं तोंड करून.

तुझं हसू आज घशातून उतरलं. पण एक राहिलंच. तिकडं कुणाशी भांडलीस आणि हरलीस, तर त्याला निदान सांगत जा गं.